कसालला बसून मायक्रोकंट्रोलर कसा मिळवाल?

टाकी भरत आली की घरात घंटी वाजावी आणि पाणी वाहून जाऊ नये, असे तुम्हांला कधी वाटले आहे का? हे काम मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक, सहज करतो. (पंपाच्या २३० व्होल्टच्या तारांना मात्र हात लावायचा नाही. आपल्याला घंटी पुरे.) खरी अडचण सामानाची. मुंबईच्या मुलाचा एखादा रेझिस्टर कमी पडला, तर तो संध्याकाळी जाऊन आणतो. कसालच्या मुलाचा प्रयोग आठवडाभर खोळंबतो. म्हणून आपली यादी आधीच पक्की हवी.

पहिला प्रश्न : चिप घ्यावी की बोर्ड? 'ॲटमेगा ३२८पी' ही २८ पायांची चिप स्वस्त दिसते. पण ती कोरी असते. तिच्यात प्रोग्रॅम भरायला वेगळे उपकरण लागते. शिवाय १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक, दोन कपॅसिटर आणि स्थिर ५ व्होल्टचा पुरवठा. हे सगळे जोडून मिळते ते 'आर्डुइनो उनो' या बोर्डावर. इटलीतील इव्रिया येथे २००५ साली आर्डुइनोचा जन्म झाला, तोच मुळी विद्यार्थ्यांसाठी. त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्याने बाजारात त्याच्या स्वस्त नकला मिळतात, आणि शिकायला त्या चालतात. नकलेवर बहुधा 'सीएच३४०' ही चिप असते. संगणकाने बोर्ड ओळखला नाही, तर तिचा ड्रायव्हर भरावा. उनोची चिप खोबणीत बसवलेली असेल तर उत्तम. ती जळाली तर फक्त चिप बदलता येते. मात्र नवी मागताना 'बूटलोडर भरलेली' असे स्पष्ट सांगा.

दुसरा प्रश्न व्होल्टचा, आणि पैसे वाया जातात ते इथेच. उनो ५ व्होल्टवर चालतो. 'ईएसपी३२' आणि २०२१ साली आलेला 'रास्पबेरी पाय पिको' यांचे पाय ३.३ व्होल्टचे. पाण्याची पातळी मोजणारा 'एचसी-एसआर०४' हा सेन्सर ५ व्होल्टचा संकेत परत देतो. तो थेट पिकोला जोडला तर पिको बिघडू शकतो. उपाय सोपा आहे : १ किलोओहमचे तीन रेझिस्टर. एक सेन्सर आणि पिको यांच्यामध्ये, उरलेले दोन एकापुढे एक पिकोच्या त्याच पायापासून ग्राउंडकडे. मग पायावर ५ च्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट येतात.

आता दुकाने. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. मुंबईला कोणी जाणार असेल तर यादी त्याच्याकडे द्या, पण रविवार टाळा. बहुतेक दुकाने बंद असतात. नाहीतर पुण्याच्या 'रोबू.इन'सारख्या विक्रेत्यांकडून कुरियरने मागवता येते. त्याआधी शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, ते विचारा. ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे.

'३७ सेन्सरांचा डबा' पाहून भुलू नका. त्यातले निम्मे कधी वापरले जात नाहीत. बोर्ड, ब्रेडबोर्ड, जोडतारा, पाच-सहा एलईडी, घंटीसाठी ५ व्होल्टचा बझर, आपला सेन्सर आणि २२० ओहम व १ किलोओहमचे दहा-दहा रेझिस्टर एवढे घ्या. २२० च का? ५ व्होल्टांतले २ लाल एलईडी घेतो, उरलेल्या ३ ला २२० ने भागा : १४ मिलिअँपिअर. उनोच्या पायाला २० पर्यंत चालतात. केबल घेताना ती डेटाची आहे ना, हे विचारा. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊच नका, ती उनोवर लवकर संपते. घरातला मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर त्या कामाला चालतो.