जुन्या ट्रकचा पत्रा आणि दाराचे रबर

ट्रकच्या केबिनमध्ये दार आणि चौकट, काच आणि पत्रा यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते. खडबडीत रस्त्यावर चॅसी पिळवटते आणि तिच्याबरोबर केबिनही हलते. फट नसेल तर पत्रा पत्र्यावर घासेल आणि काच तडकेल. ही फट रबराची पट्टी भरून काढते. गॅरेजमध्ये तिला बीडिंग म्हणतात. पाणी, धूळ, इंजिनची धग आणि दाराचा खडखडाट ती अडवते. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, पण उसाच्या वाहतुकीचे कच्चे रस्ते पुष्कळ. त्यामुळे इथे पाण्याइतकाच धुळीचाही विचार करून रबर निवडावे लागते.

पुणे–हैदराबाद महामार्गावर एकेकाळी राज्य करणारे टाटाचे जुने ट्रक दुरुस्तीला घेतले की पहिली अडचण मापाची येते. टाटा आणि जर्मनीची डाइमलर-बेन्झ यांचा करार 1954 ते 1969 असा चालला. त्या काळातल्या आणि नंतरच्या 1210सारख्या अनेक गाड्या कारखान्यातून चॅसी आणि पुढचा काउल एवढ्याच रूपात बाहेर पडत. केबिन स्थानिक बॉडी बिल्डर लाकूड आणि पत्र्यात बांधून देत. त्यामुळे एकाच गाडीच्या डाव्या-उजव्या दारांची फटसुद्धा सारखी नसते. तयार संच आणून बसवण्याऐवजी मीटरवर मिळणारी पट्टी मापाने घेणेच बरे.

माप घेण्याआधी दार सरळ करावे. बिजागरीच्या पिना झिजून दार खाली बसलेले असेल, तर नवे रबर वरच्या बाजूला सैल राहते आणि खालच्या बाजूला चिरडते. दार जागेवर आले की चौकटीवर ठिकठिकाणी मऊ मातीच्या गोळ्या चिकटवून ते बंद करावे. चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी म्हणजे खरी फट. पोकळ किंवा स्पंज रबर दार लागल्यावर साधारण एक-तृतीयांश दबावे. म्हणजे 8 मिलिमीटर फटीला 12 मिलिमीटर जाडीची पट्टी चालते. त्याहून जाड घेतली तर दार आपटावे लागते आणि कुलपावर ताण येतो.

रबराचा प्रकारही पाहून घ्यावा. नैसर्गिक रबर लवचीक असते, पण त्याच्या रेणूसाखळीतले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडतो. उन्हात ताणलेल्या जागी म्हणूनच आधी भेगा पडतात. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसल्याने ते ऊन आणि ओझोन चांगले सोसते. मात्र त्याला सोल्युशन, म्हणजे रबर चिकटवायचा द्रव, नीट धरत नाही आणि डिझेल-ग्रीस लागले की ते फुगते. नियोप्रीनला सोल्युशन चांगले चिकटते आणि तेलही ते बऱ्यापैकी सहन करते. म्हणून दाराच्या चौकटीला पकड असलेली ईपीडीएम पट्टी आणि चिकटवायच्या जागी, विशेषतः बॉनेटजवळ, नियोप्रीन हा सोयीचा मेळ आहे.

यापुढचे यश पत्र्यावर अवलंबून असते. जुने रबर काढल्यावर त्याखाली बहुधा गंज सापडतो, कारण रबर आणि पत्रा यांच्यामध्ये शिरलेला ओलावा सहज सुकत नाही. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंज काढावा. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा. नुसती पुट्टी भरली तर तिथे पकड टिकत नाही. मग प्राइमर आणि रंग द्यावा आणि रंग पूर्ण सुकू द्यावा. कच्च्या रंगावर सोल्युशन लावले तर त्यातला थिनर रंग उचलून आणतो.

बसवण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिली पकडपट्टीची : आत धातूचा कणा असलेली यू आकाराची पट्टी पत्र्याच्या कडेवर रबरी हातोड्याने ठोकत बसवतात, सोल्युशन लागत नाही. दुसरी पातळ पत्र्याच्या पन्हळीची : ती स्क्रूने किंवा रिव्हेटने बसवून त्यात रबर सरकवतात. लाकडी चौकटीला पूर्वी रबर खिळ्यांनी ठोकत, पण प्रत्येक छिद्रातून पाणी लाकडात मुरते. म्हणून स्क्रूच्या छिद्रात सीलंट भरावे.

तिसरी पद्धत सोल्युशनची. पत्रा स्पिरिटने पुसावा. रबराची पाठ पॉलिश पेपरने घासून तिच्यावरची पावडर काढावी. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा आणि बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबावे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. तापलेल्या पत्र्यावर थर जोडण्याआधीच सुकतो. म्हणून हे काम सकाळी, सावलीत आणि हातभर-हातभर करावे. पट्टी कधीही ताणू नये. ताणलेले रबर पुढे आकसते आणि कोपऱ्यात सुटते. जोड दाराच्या खालच्या कडेला घ्यावा आणि पट्टी किंचित लांब कापून टोके एकमेकांवर दाबून चिकटवावीत. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्यावर वापरू नये, त्यातल्या आम्लाने गंज धरतो.

पुढच्या काचेचे रबर दोन खाचांचे असते, एका खाचेत काच आणि दुसरीत पत्रा. आधी रबर काचेवर चढवतात, बाहेरच्या खाचेत मजबूत दोरी गुंडाळतात आणि साबणाचे पाणी लावतात. एक जण बाहेरून काच दाबतो, दुसरा आतून दोरी ओढत जातो, तशी रबराची कड पत्र्यावर उलटते. तेल किंवा ग्रीस इथे वापरत नाहीत.

शेवटी तपासणी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढावी. सगळीकडे सारखा अडथळा जाणवला पाहिजे. रबरावर खडू लावून दार मिटले, तर जिथे ठसा उमटत नाही तिथे फट आहे. नंतर नळीने पाणी मारून आतून पाहावे. दाराच्या तळाची पाणी निघायची भोके मात्र बुजू देऊ नयेत, कारण काचेच्या फटीतून थोडे पाणी दारात उतरतेच. वर्षातून दोनदा रबर साबणाने धुऊन सिलिकॉनचा हलका हात दिला की ते उन्हातही पत्र्याला चिकटून फाटत नाही.