परदेशीं वेबविद्येचा अभ्यास

उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्या व संगणकाकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याच्या मनांत एक विषय हटकून येतो. तो म्हणजे वेब डेव्हलपमेंट, अर्थात् संकेतस्थळें रचण्याची विद्या. हीच विद्या इंटरनेटवरून घरबसल्या मिळत असतांना तिच्यासाठीं परक्या देशांतील मोलाचे दिवस खर्चणें कितपत शहाणपणाचें, असा प्रश्न पालकांना पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर एका प्रत्यक्ष उदाहरणावरून शोधणें सोयीचें होईल. तें उदाहरण फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचें.

हें विद्यापीठ १६४० सालीं तुर्कू येथें स्थापन झालें व १८२८ मध्यें हेलसिंकीस आलें. १९९१ सालीं येथील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यानें लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा लिहून जगापुढें मांडला. पुढें २००५ सालीं त्यानेंच गिट हें साधन निर्माण केलें. गिट म्हणजे आज्ञावलीच्या फेरफारांची नोंदवही. कोणी, केव्हां, कोणती ओळ बदलली हें तींत टिपलेलें राहतें. विद्या झांकून न ठेवण्याची ही परंपरा तेथील ‘फुल स्टॅक ओपन’ या अभ्यासक्रमांतही दिसून येते. त्याचे पाठ व गृहपाठ कोणाही जिज्ञासूस, तो नागपुरास असो वा नैरोबीस, विनाशुल्क खुले आहेत.

फुल स्टॅक म्हणजे संकेतस्थळाची आरंभापासून शेवटापर्यंतची संपूर्ण रचना. आगगाडीचें तिकीट काढण्याचें संकेतस्थळ डोळ्यांपुढें आणावें. प्रवासी ज्या पानावर नांव व तारीख भरतो, तें पान ब्राउझरमध्यें, म्हणजे त्याच्याच हातांतील यंत्रावर, चालतें. त्या पानाचा सांगाडा एचटीएमएलनें, रूपरंग सीएसएसनें आणि हालचाल जावास्क्रिप्टनें सिद्ध होते. कळ दाबतांच मागणी दूरच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर डेटाबेसमध्यें, म्हणजे माहितीच्या कोठारांत, जागा शिल्लक आहे कीं नाहीं तें पाहून उत्तर धाडतो. अभ्यासक्रमाच्या मुख्य भागांत दर्शनी बाजू रिअ‍ॅक्टच्या व पाठची बाजू नोड या साधनाच्या साह्यानें शिकवितात. भाषा दोहींकडे जावास्क्रिप्टच असते.

परंतु पानें दिसूं लागलीं म्हणजे विद्या आली असें नव्हे. ब्राउझर परक्याच्या हातांत असतो. म्हणून तेथें केलेल्या तपासणीवर विसंबून चालत नाहीं, सर्व्हरनें प्रत्येक मागणी पुन्हां पारखून घेतली पाहिजे. तसेंच पासवर्ड जसाच्या तसा सांठवावयाचा नसतो. त्याचें हॅश नांवाचें असें रूपांतर ठेवावयाचें असतें कीं, ज्यावरून मूळ शब्द उलटा काढतां येऊं नये. कोठार फुटलें तरी किल्ल्या चोराच्या हातीं पडूं नयेत, हा त्यांतील हेतु. ज्याच्या हातीं उद्यां हजारों लोकांची खासगी माहिती जावयाची, त्याच्या अंगीं ही सावधगिरी मुरलीच पाहिजे.

आतां वेळेचा हिशेब. फिनलंडांत एका वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा व १,६०० तासांचा धरतात. म्हणजे एका श्रेयांकास सुमारें २७ तास पडतात. या अभ्यासक्रमाचा मुख्य भाग ५ श्रेयांकांचा, म्हणजे सुमारें १३३ तासांचा आहे. सात आठवड्यांत तो संपवावयाचा म्हटल्यास दर आठवड्यास १९ तास द्यावे लागतात. त्याच तोलाचा दुसरा विषय घेतला कीं ३८ तास झाले. परदेशी विद्यार्थ्यास तेथें आठवड्यास सरासरी ३० तास नोकरी करण्याची मुभा २०२२ पासून आहे. परंतु ती पुरेपूर वापरली तर बेरीज ६८ तासांवर जाते. मग झोपेवर किंवा अभ्यासावर कुऱ्हाड पडणार हें उघड आहे. कमाईच्या भरंवशावर घरचा खर्च आंखणाऱ्या पालकांनीं ही बेरीज आधींच मांडून पाहावी.

वेळ अपुरा पडूं लागला म्हणजे मोह उत्पन्न होतो. दुसऱ्यानें लिहिलेली आज्ञावली उचलणें आज सोपें आहे; कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें तर ती क्षणांत लिहून देतात. युरोपांतील विद्यापीठें दुसऱ्याची कृति आपली म्हणून देणें हा गंभीर दोष मानतात. शिक्षेची गोष्ट बाजूस ठेवली तरी, जी रचना स्वतः उभारली नाहीं ती मोडल्यावर दुरुस्तही करतां येत नाहीं. कोणत्या साधनाची मुभा आहे, हें प्रत्येक विषयाच्या आरंभींच विचारून घ्यावें, हें उत्तम.

मग परदेशीं हा विषय घ्यावा कीं नाहीं? २०१७ पासून युरोपीय संघ व त्याच्या आर्थिक क्षेत्राबाहेरील विद्यार्थ्यांना फिनलंडांतील इंग्रजी माध्यमाच्या पदवी-शिक्षणासाठीं शुल्क भरावें लागतें. म्हणून जे पाठ फुकट मिळतात ते घरींच, निघण्यापूर्वीं, पुरे करावे. त्यांतून आवड खरी कीं वरवरची याचीही परीक्षा होते. परदेशीं गेल्यावर मात्र जें तारेवरून येत नाहीं तें पदरांत पाडून घ्यावें. चौघांनीं मिळून एकच आज्ञावली लिहिणें, सहाध्यायाची टीका शांतपणें ऐकणें, अध्यापकास न संकोचतां प्रश्न विचारणें, यांचा तो लाभ आहे.

भारतीय विद्यापीठांत नांव असून कांहीं काळ बाहेर जाणाऱ्यानें आणखी एक दक्षता घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें, दोन विद्यापीठांच्या जोड-व्यवस्थेंत परदेशीं मिळविलेले श्रेयांक एकूणाच्या ३० टक्क्यांहून अधिक धरले जात नाहींत. कोणता विषय धरला जाईल, तें निघण्यापूर्वींच लेखी घ्यावें. तोंडी आश्वासनावर समुद्र ओलांडूं नये.