‘कचरणे’ आणि ‘चाचरणे’

शब्दकोड्यात ‘मागेपुढे पाहणे’ असा संकेत येतो आणि उत्तरासाठी चार घरे मोकळी असतात. दुसऱ्या घरात ‘च’ व चौथ्यात ‘णे’ सापडले की सोडवणारा निश्चिंत होतो. खरी अडचण तेथूनच सुरू होते. आपल्याकडे काना-मात्रेसह एक अक्षर एका घरात बसते. त्यामुळे ‘कचरणे’, ‘चाचरणे’ आणि ‘बिचकणे’ हे तिन्ही शब्द तेथे चपखल बसतात. तिसऱ्या घरात ‘र’ आला तर ‘बिचकणे’ गळते. उरलेल्या दोहोंचा निवाडा मात्र पहिल्या अक्षरावरच राहतो.

कोडे रचणारा यांना पर्याय मानतो, भाषा मानीत नाही. अकस्मात काही पुढे आले म्हणजे बैल बिचकतो. कचरते ते मन, चाचरते ती जीभ. पाच घरांचे ‘घुटमळणे’ पायांचे: भाव विचारावा की न विचारावा, अशा विवंचनेत निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपुढे येरझारा घालणारा शेतकरी घुटमळतो. ‘संकोचणे’ संस्कृतातून आले. त्यात मूळची कल्पना आकसण्याची आहे.

आमच्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कन्नडात ‘हिंदे मुंदे नोडु’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘मागेपुढे पाहणे’च. कोणी कोणाचे घेतले, हा वाद सुदैवाने अद्याप कोणी उकरलेला नाही!

घरी कन्नड बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकावर मी एकदा शेरा लिहिला : ‘उत्तर देण्यास कचरतो.’ दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. “गुरुजी, पोरगा भित्रा आहे म्हणता? वेदगंगेच्या पुरात उडी घेतो की तो!” त्यांचे म्हणणे रास्त होते. मुलाला उत्तर येत होते, हातही तो सर्वांआधी वर करी. मराठी शब्द तेवढा ओठांवर वेळेवर येत नसे. मी ‘क’ खोडून ‘चा’ लिहिला. पण तेवढ्याने वाक्य जुळेना. ‘देण्यास’चे ‘देताना’ करावे लागले. कचरणारा कृतीच्या उंबरठ्याबाहेर थांबतो, चाचरणारा उंबरठा ओलांडून आत आलेला असतो.