उतारवयात हातपाय लवकर का थकतात?

“आता वय झाले, हातपाय थकतात, म्हणून काम सोडले,” असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आपल्या सत्तरीत घरोघरी आहेत. उलट, “जन्मभर शेतात राबलो, आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?” असे विचारणारेही पुष्कळ. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटते. म्हाताऱ्या स्नायूला अति श्रम जसे थकवतात, तशी अति विश्रांतीही थकवते.

स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. पाठीच्या कण्यातून निघणारी एकेक नस त्यांतल्या काही तंतूंना हुकूम देते. पन्नाशी-साठीनंतर या नसा हळूहळू कमी होतात. पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारची नस पदरात घेते, बाकीचे सुकतात. त्यांतही झटपट काम करणारे तंतू आधी घटतात आणि संथ, चिवट तंतू मागे उरतात. म्हणूनच सत्तरीचा माणूस डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन सावकाश घरी येऊ शकतो. पण पावसात निसरड्या मेरेवर पाय सरकला, तर तोल सावरायला लागणारी झटक्याची ताकद त्याच्या पायांत नसते. एका जागी जोर धरून ठेवताना म्हातारी माणसे पुष्कळदा तरुणांपेक्षा उशिरा थकतात, भरभर हालचाल करताना मात्र लवकर थकतात, असे संशोधकांना आढळले आहे.

थकव्याचा हिशेब सोपा आहे. दहा गडी मिळून एक ओंडका वाहत होते, त्यांतले चार निघून गेले. ओंडका तेवढाच, पण उरलेल्या सहांवर भार वाढला; ते लवकर दमणारच. पाटावरून उठणे, विहिरीचे पाणी ओढणे, कुळागरातील चढ चढणे ही कामे पूर्वीइतकीच जड आहेत, ती करणारे तंतू मात्र कमी झाले आहेत.

गेलेल्या नसा परत येत नाहीत. पण उरलेले तंतू जाड करता येतात, आणि हे वयाच्या नव्वदीतही घडते. अमेरिकेत बॉस्टन येथे वृद्धांच्या एका संस्थेतील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने पावणेतीन पटीच्या आसपास गेली. १९९० साली ही माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक डॉक्टरांनाही नवल वाटले.

आता दुसरी बाजू. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितले. एवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. दहा दिवस म्हणजे आपल्याकडे पावसाची एक झड! मार्च ते मेपर्यंत काजूच्या डोंगरीवर बोंडू गोळा करीत वाकायचे, उठायचे, चढायचे. आणि पाऊस लागला की शापाय-शामाय बलकांवात बसून राहायची. पुढे कामाला हात घालताच दोन घटकांत दम लागतो आणि दोष वयाला दिला जातो. यंत्रे आल्यापासून तर भातशेतीतलेही अंगमेहनतीचे काम पुष्कळ कमी झाले आहे.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीशी धरावेत आणि जमेल तितक्या वेळा उठावे-बसावे. आधी पाच वेळा, मग आठ, मग दहा. उठताना जरा चपळाईने, बसताना सावकाश. श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो. न जमल्यास सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा. दाराची चौकट धरून टाचा उचलणे हाही चांगला व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल आणि तीन दिवस तोलाचे व ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. नुसते चालणे पुरत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखल्या तर घाबरू नये. सांधा सुजला तर मात्र थांबावे.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. म्हातारपणी पुष्कळ जण पेज आणि लोणच्यावर दिवस काढतात. त्यातून स्नायू बांधायला लागणारी प्रथिने फारच थोडी मिळतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. कुळीथ, आळसांदे, बांगडा, सुके मासे, दूध यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

सगळाच थकवा वयाचा नसतो. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप, पायांवर सूज, उगाच वजन घटणे ही लक्षणे असली तर व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करावी. रक्त कमी असणे, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार यांनीही अंग गळून जाते.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. २०१५ साली सत्तरीतील पाली गावात माकडताप आढळला. गोचिडीच्या चाव्याने होणारा हा आजार बहुधा डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे काजूच्या दिवसांतच येतो. एकाएकी ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि अंग ठेचल्यासारखी स्नायूदुखी होते. “फार काम झाले” म्हणून ती अंगावर काढू नये, वाळपईच्या आरोग्य केंद्रात तडक जावे. ताप उतरल्यावरही अशक्तपणा बरेच आठवडे टिकू शकतो. अशा वेळी लगेच डोंगरी चढू नये, आणि महिनाभर खाटेवरही पडून राहू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी खाटेच्या कडेला बसावे, मग अंगणापर्यंत जावे, मग पाच-सहा वेळा खुर्चीवरून उठावे. कोयता आणि टोपली हाती घेण्याची वेळ त्यानंतरची.