हॉपर, हेडा
(२ मे १८८५–१ फेब्रुवारी १९६६). अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री आणि चित्रसृष्टीविषयक वृत्तपत्रीय सदरलेखिका. मूळ नाव एल्डा फरी. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉलिडेझबर्ग येथे एका खाटकाच्या कुटुंबात. रंगभूमीच्या ओढीने घर सोडून ती न्यूयॉर्कला गेली. १९१३ मध्ये डी वुल्फ हॉपर या तिच्याहून सत्तावीस वर्षांनी मोठ्या असलेल्या नटाशी तिचा विवाह झाला. ती त्याची पाचवी पत्नी. आधीच्या चौघींची नावे एला, आयडा, एडना व नेला अशी असल्याने एल्डाला हाक मारताना त्याची गफलत होई. तेव्हा एका अंकज्योतिष्याच्या सल्ल्याने तिने ‘हेडा’ हे नाव घेतले. १९२२ मध्ये घटस्फोट झाला, तरी नाव व आडनाव तिने कायम ठेवले.

१९१६ पासून तिने शंभराहून अधिक चित्रपटांत कामे केली. विंग्ज (१९२७) हा त्यांपैकी एक. तिच्या भूमिका बहुधा श्रीमंत, तोऱ्यात वावरणाऱ्या स्त्रियांच्या व दुय्यम असत. आघाडीची तारका ती कधीच झाली नाही आणि १९३५ च्या सुमारास कामेही कमी झाली. तथापि या वीस वर्षांत चित्रपटगृहांच्या पडद्यामागील माणसांशी जुळलेल्या ओळखी हेच तिचे पुढील भांडवल ठरले.

१९३८ मध्ये लॉस अँजेल्स टाइम्समध्ये तिचे सदर सुरू झाले. हर्स्ट वृत्तपत्रसमूहाच्या लोएला पार्सन्स हिची मक्तेदारी त्यामुळे संपली व दोघींचे वैर सर्वश्रुत झाले. आरंभीचे तिचे सौम्य लेखन फारसे वाचले गेले नाही. लेखणीला धार येताच मात्र वाचकसंख्या कोट्यवधींच्या घरात गेली. तिच्या सत्तेचे मूळ लेखनगुणांत नव्हते. नटनट्यांच्या करारांत नीतिविषयक कलमे असत आणि लोकापवादामुळे करार रद्द होऊ शकत असे. साहजिकच विवाह, घटस्फोट, गर्भारपण यांच्या वार्ता नटनट्या आपण होऊन तिला कळवीत. बेव्हर्ली हिल्समधील आपले घर भीतीने बांधले आहे, असे ती स्वतःच म्हणे. तिच्या भपकेबाज टोप्यांची चर्चा बरीच झाली. त्यांमागील कठोरपणा त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

राजकीय दृष्ट्या ती कडवी साम्यवादविरोधक होती. चार्ली चॅप्लिनवर तिने सातत्याने टीका केली. १९४३ मध्ये एका तरुण अभिनेत्रीने त्याच्याविरुद्ध पितृत्वाचा दावा लावला, तेव्हा हॉपरने तिची बाजू उचलून धरली. रक्तपरीक्षेत चॅप्लिन पिता नसल्याचे दिसून आले; पण कॅलिफोर्नियात तो पुरावा निर्णायक मानला जात नसल्याने निकाल त्याच्याविरुद्ध गेला. १९४७ नंतर साम्यवादाच्या संशयावरून कलावंतांना काळ्या यादीत घालण्याचाही तिने हिरिरीने पुरस्कार केला. अनेक पटकथालेखकांची उपजीविका या यादीने बुडविली. तिला उत्तर देण्याचे धाडस थोड्यांनीच केले. जोन बेनेट या अभिनेत्रीने १९५० मध्ये तिला भेट म्हणून एक जिवंत स्कंक (दुर्गंधी सोडणारा प्राणी) पाठविला.

सनसेट बूलेव्हार (१९५०) या चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. १९६३ च्या आठवणींच्या पुस्तकात मायकेल वाइल्डिंग या नटाविषयी केलेल्या विधानावरून अब्रुनुकसानीचा दावा झाला व तो न्यायालयाबाहेर मिटविण्यात आला. दूरचित्रवाणीचा प्रसार आणि चित्रपटसंस्थांची सैलावलेली पकड यांमुळे तिचा दरारा उतरत गेला, तरी सदर अखेरपर्यंत चालू होते. पेरी मेसन या दूरचित्रवाणी मालिकेतील नट विल्यम हॉपर (१९१५–७०) हा तिचा मुलगा. फुप्फुसदाहाने हॉलिवुड येथे तिचे निधन झाले.