ठेवीपासून पुलापर्यंत : भारत आणि चीन यांची भांडवल उभारणी

एखाद्या गृहस्थाने पगारातून शिल्लक टाकलेले पाच हजार रुपये आवर्ती ठेवीत भरले, की त्याच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण होतो. अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने मात्र तो तेथून सुरू होतो. हीच बचत कर्जरूपाने पुढे जाऊन यंत्र, धरण, रस्ता वा घर यांच्या रूपाने उभी राहते, तेव्हा तिला 'स्थिर भांडवल निर्मिती' म्हणतात. देशाच्या वार्षिक उत्पादनातील किती हिस्सा उपभोगात न संपता अशा टिकाऊ साधनांत गुंतला, हे या आकड्यावरून कळते. उद्याच्या रोजगाराची ती आजची पेरणीच होय.

या बाबतीत भारत आणि चीन यांची तुलना उद्बोधक ठरते. १९९० च्या सुमारास दोन्ही देशांचे डॉलरमधील दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. चीनने एकविसाव्या शतकात प्रवेश केला तेव्हाच तेथील स्थिर गुंतवणूक उत्पादनाच्या सुमारे एक तृतीयांश होती. जागतिक मंदीला तोंड देण्यासाठी नोव्हेंबर २००८ मध्ये त्या सरकारने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली आणि हे प्रमाण ४० टक्क्यांच्या बरेच वर गेले. बीजिंग-तियानजिन अतिवेगवान रेल्वे २००८ साली सुरू झाली. २०२४ अखेर अशा मार्गांची लांबी सुमारे ४८,००० किलोमीटर झाली.

भारताची चाल अधिक चढउतारांची राहिली. १९५० च्या दशकारंभी सुमारे एक दशांश असलेले हे प्रमाण वाढत्या घरगुती बचतीच्या बळावर २००७-०८ पर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास पोहोचले. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोण हे त्या पर्वाचे ठळक चिन्ह. त्यानंतर मात्र भूसंपादन रखडले, इंधनपुरवठा अनिश्चित झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. अर्धवट प्रकल्पांना दिलेली कर्जे थकली. २०१६-१७ मध्ये स्थिर गुंतवणूक सुमारे २८ टक्क्यांवर आली, तर मार्च २०१८ मध्ये बँकांची सकल अनुत्पादक कर्जे ११ टक्क्यांहून अधिक झाली. २०१६ चा दिवाळखोरी कायदा, कर्जांची कठोर छाननी आणि वाढता सरकारी भांडवली खर्च यांमुळे चित्र पालटले. मार्च २०२४ मध्ये हे थकीत प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आले. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.११ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली.

मग चीनचा मार्ग सर्वथा अनुकरणीय म्हणावा काय? तेथे गुंतवणुकीचा मोठा ओघ घरबांधणीकडे वळला. विकासकांनी आगाऊ रकमा घेतल्या, पण इमारती अपुऱ्या राहिल्या. जुलै २०२२ मध्ये अनेक शहरांतील घरखरेदीदारांनी अपुऱ्या घरांच्या कर्जाचे हप्ते थांबविण्याचा इशारा दिला. २०२२ पासून सलग तीन वर्षे तेथील स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक दरवर्षी सुमारे दहा टक्क्यांनी घटली. शिवाय कुटुंबांचा उपभोग उत्पादनाच्या ४० टक्क्यांहून कमी राहिला. भारतात तो सुमारे ६० टक्के आहे. एवढ्या भांडवलातून निघालेला माल घ्यायला घरची मागणी अपुरी पडली.

सारांश, गुंतवणूक कमी पडली तर विकास खुंटतो आणि अस्थानी झाली तर बचत बुडीत खाती जमा होते. शेतात बी किती टाकले याइतकेच ते कोणत्या जमिनीत पडले, हे महत्त्वाचे असते. म्हणूनच कर्जप्रस्तावाची चिकित्सा करणारा अधिकारी आणि हप्ता वेळेवर फेडणारा कर्जदार हे दोघेही त्या पाच हजार रुपयांचे राखणदार आहेत. ठेवीदाराचा विश्वास हेच देशाचे पहिले भांडवल होय.