होड्या शाकारल्या, शाळा उघडली

1 जूनला मासेमारी बंद होते आणि 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. बरोबर त्याच दिवसांत, जूनच्या मध्याला, शाळा उघडते. नोकरदाराच्या घरात जूनचा पगार येतो. पाचूबंदरात जूनला येतो तो फक्त खर्च. म्हणून आपल्या गटांच्या बैठकीत दरवर्षी एकच प्रश्न असतो, आधी कशाचे पैसे भरायचे?

आम्ही सांगतो, आधी कागद, मग फी, मग वह्या, आणि दप्तर सगळ्यात शेवटी. पोर मात्र उलटा क्रम लावतं, कारण दप्तर दिसतं आणि उत्पन्नाचा दाखला दिसत नाही. पण शिष्यवृत्ती आणि फी सवलत बहुतेक त्या दाखल्यावरच अडते. खलाशाला पगाराची पावती नसते, त्यामुळे तलाठ्याकडे जाणं आलं आणि मग सेतू केंद्रात अर्ज. निकालानंतर तिथे रांग लागते, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं. जातीच्या दाखल्याला तर त्याहून जास्त दिवस लागतात.

शाळेतले काही नियमही बदललेत. 2023 साली पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं आली होती, ती 2025-26 पासून बंद झाली. म्हणजे वह्यांचा खर्च पुन्हा आपल्याकडे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलेल्या मुलाची निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा होते आणि तिथेही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. अशा मुलाला सुट्टीत सुकी मासळी भरायला दिवसभर बसवू नका. त्याचे ते दोन महिने अभ्यासाचे आहेत.

गणवेशाचं तर आपल्याला माहीतच आहे. 2024-25 साली सरकारी शाळांचे गणवेश एकत्र शिवून द्यायचं ठरलं आणि शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेलं. गणवेश उशिरा पोचल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. बोल लागला तो शिवणाऱ्या बायकांनाच, असो. पुढच्या वर्षापासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्या मुलांच्या समितीत कोण आहे ते विचारा. सहीपुरतं नाव दिलं असेल तर बैठकीला जायला लागा.

आता फीबद्दल. खाजगी शाळेची फी जूनमध्ये एकदम जमत नसेल तर हप्ते लेखी मागा, ऑगस्टपासूनचे मागा, आणि अर्जाची पोच घ्या. पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे लक्षात ठेवा. तोंडी धमकीला घाबरून सावकाराकडे पळू नका. शेकडा 10 रुपये महिना म्हटलं की ऐकायला थोडं वाटतं. 5,000 रुपयांवर महिन्याला 500, तीन महिन्यांत 1,500 नुसतं व्याज, मुद्दल तसंच. तेच कर्ज गटातून शेकडा 2 रुपयांनी घेतलं तर तीन महिन्यांचे 300 होतात, आणि तेही आपल्याच गटात राहतात. येत्या हंगामाच्या म्हावऱ्यावर उचल घेणं तर त्याहून महाग, कारण मग भाव आपण ठरवत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दहावी झालेल्या मुलींची. मुलगा असला तर पैसे कुठून तरी येतात. मुलगी असली की ‘एक वर्ष थांबू दे, आईला बाजारात मदत होईल’ असं घरात बोललं जातं. ते एक वर्ष क्वचितच एकाच वर्षाचं राहतं. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होतो आणि तारीख गेली की हातात काही राहत नाही. पसंतीची दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. म्हणून पहिलं नाव मैत्रिणीने सांगितलेलं नको. फी किती, एसटीने किंवा रिक्षाने रोजचे किती जातील, हे मुलीला शेजारी बसवून मांडा. फॉर्म भरताना कुणाचाही मोबाइल नंबर देऊ नका, आपल्याच घरातला द्या. प्रवेशाचे निरोप त्याच नंबरवर येतात.

पुढच्या जूनची तजवीज वलांडीवर बोंबील असतानाच करावी लागते. एप्रिल-मेमध्ये सुके बोंबील, जवळा, करंदी विकून रोख हातात येते आणि लग्नसराईत तशीच निघूनही जाते. आमच्या काही जणींनी त्यातली ठरावीक रक्कम ‘शाळा’ नावाने वेगळी नोंदवायला सुरुवात केली आहे, जूनआधी ती काढायची नाही. ज्यांना अशी नोंद करायची असेल त्यांनी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बैठकीला पासबुक घेऊन यावं.